न मागता मिळालेला जागल्या

२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं टेंभली हे छोटं गाव त्या दिवशी देशभराच्या बातम्यांत झळकलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी गावात आले आणि गावातल्या एका महिलेच्या हाती देशातलं पहिलं आधार पडलं. बारा आकड्यांची ओळख! दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं, एक फोटो, आणि हे सगळं टिपून घेणारा कॉम्प्युटर. सातपुड्याच्या पायथ्याशी त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. माणसाचे कागद यापुढे कपाटातल्या ट्रंकेत नाही, तर कॉम्प्युटरमध्ये राहणार.

आता योगायोग पाहा. याच्या बरोबर एक वर्ष आधी, २९ सप्टेंबर २००९ रोजी, मायक्रोसॉफ्टनं विंडोज वापरणाऱ्यांसाठी एक फुकट अँटिव्हायरस खुला केला होता. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी इसेन्शियल्स. त्याचाच वारसदार आज तळोद्याच्या ई-सेवा केंद्रात, नवापूरच्या झेरॉक्सच्या दुकानात, अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेत, जिथे जिथे विंडोजचा कॉम्प्युटर आहे तिथे तिथे बसलेला आहे. नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. कोणी तो विकत घेतला नाही, कोणी तो टाकून मागितला नाही. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीकशी ढाल दिसते, एवढीच त्याची खूण.

जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. गाव झोपलं की तो जागा. तो एका घराचा नसे, अख्ख्या गावाचा असे. डिफेंडर हा असाच जागल्या आहे, फक्त त्याचं गाव जगभर पसरलेल्या शंभर कोटींहून अधिक कॉम्प्युटरचं आहे. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण त्याची सारी ताकद आणि त्याचा सर्वांत मोठा कमकुवतपणा, दोन्ही हिच्यातूनच निघतात.

पण हा जागल्या मुळात आला कुठून?

पहिल्यांदा व्हायरस आला. १९८६ साली लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आयबीएमच्या पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस. गंमत अशी की त्यात त्यांनी स्वतःच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! फ्लॉपीवर बसून तो देशोदेशी गेला.

आणि पुण्यात काय चाललं होतं? तिथेही दोन भाऊ होते. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर. कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशीनचा आजार एकच निघायचा, व्हायरस. धाकटे संजय तेव्हा कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी त्यावर उतारा लिहायला घेतला. १९९३ साली सुरू झालेली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही त्यांची कंपनी २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात उतरली. महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानांत अँटिव्हायरस म्हणजे क्विक हीलचं खोकं आणि आतली सीडी, असं समीकरणच होतं. वर्ष संपलं की नवं खोकं.

मायक्रोसॉफ्ट या धंद्यात उशिरा आली. २००३ मध्ये तिनं रुमानियातल्या जीकॅड कंपनीचं अँटिव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतलं. २००४ च्या डिसेंबरात जायंट नावाची हेरगिरीविरोधी प्रोग्राम बनवणारी कंपनी घेतली. त्यातून २००६ मध्ये विंडोज डिफेंडर निघाला, पण तो फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम शोधायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हा कुठे सिक्युरिटी इसेन्शियल्सची जागा घेत तो पूर्ण अँटिव्हायरस होऊन विंडोजच्या पोटातच आला.

सुरुवातीला त्याची पत काय होती? जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था जगभरच्या अँटिव्हायरसच्या परीक्षा घेते. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इसेन्शियल्सला तिनं प्रमाणपत्रच नाकारलं. आणि २०१९ मध्ये? त्याच संस्थेच्या परीक्षेत डिफेंडरला १८ पैकी १८! नापासाचा पहिला नंबर, तोही सात वर्षांत. या सात वर्षांत असं काय घडलं?

ते कळायला एका क्लिकच्या पोटात शिरू या. तुम्ही एखाद्या फाइलवर डबल-क्लिक करता. तुम्हाला वाटतं, फाइल उघडली. पण विंडोजच्या अगदी गाभ्यात डिफेंडरचा एक छोटा तुकडा वाटेतच उभा असतो. फाइल उघडायची प्रत्येक विनंती त्याच्यासमोरून जाते. तो म्हणतो, थांब. बघतो. आणि मगच सोडतो. सेकंदाच्या किरकोळ भागात हे उरकतं. कॉम्प्युटर सुरू होतानाही त्याचा एक भाग बहुतेक ड्रायव्हरांच्या आधी जागा होतो, कारण जो आधी उठेल त्याचं राज्य, हे व्हायरस लिहिणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

तो बघतो म्हणजे काय बघतो? पहिली पायरी, फाइलचा ठसा. कुठलीही फाइल घ्या, सातबाराची पीडीएफ असो की तीन तासांचा सिनेमा. गणिताची एक ठरावीक रीत तिच्यावर चालवली की ठरावीक लांबीचा एक आकडा बाहेर पडतो. शा-२५६ नावाच्या रीतीत तो २५६ बिटांचा असतो. असे किती वेगळे ठसे होऊ शकतात? एकावर सत्त्याहत्तर शून्यं द्या, साधारण तेवढे! फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, जवळपास निम्मे बिट उलटे होतात. सापडलेल्या व्हायरसांचे ठसे यादीत असले की ओळख पटायला क्षणही लागत नाही.

ही यादी जागी आहे का, हे तपासायलाही एक सोय आहे. ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ अँटिव्हायरसवाल्यांनी आपापसात ठरवून ठेवली आहे. तिला आयकार चाचणी फाइल म्हणतात. ती नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करा. ती काहीही बिघडवत नाही, तरीही जगातला जवळजवळ प्रत्येक अँटिव्हायरस ओरडून उठतो. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांनी एवढ्या एका गोष्टीवर एकमत केलं आहे!

पण इथेच पेच येतो. एक अक्षर बदललं की ठसा बदलतो, मग व्हायरस लिहिणारा प्रत्येक प्रतीत एक अक्षर बदलणार नाही का? बदलतोच. आजचे कितीतरी व्हायरस प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर नवं रूप घेऊन जातात. ठसा निरुपयोगी. आता?

आता दुसरी पायरी, आणि ही मला सगळ्यांत विलक्षण वाटते. डिफेंडर त्या संशयित फाइलला एका खोट्या कॉम्प्युटरमध्ये नेऊन चालवतो. तुमच्या मशीनच्या आत, क्षणभरासाठी, तो एक बनावट विंडोज उभं करतो. त्यात बनावट फाइली असतात, बनावट सेटिंग असतात. २०१८ मध्ये ॲलेक्सी बुलाझेल या संशोधकानं डिफेंडरचं इंजिन उकलून दाखवलं, तेव्हा त्या बनावट कॉम्प्युटरचं नावही बाहेर आलं. ‘हॅल९टीएच’. आणि त्या कॉम्प्युटरचा मालक? ‘जॉनडो’. असा माणूस नाही, असं मशीन नाही. पण व्हायरसला वाटतं की आपण खऱ्या घरात शिरलो. तो बुरखा काढतो, कामाला लागतो, आणि पकडला जातो. तुमच्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कितीदा तरी हा जॉनडो जन्माला येतो आणि विरून जातो. तुम्हाला पत्ता नसतो!

चलाख व्हायरस यावरही उपाय काढतात. आपल्या मालकाचं नाव जॉनडो दिसलं की ते गप्प बसतात, साळसूदपणे काहीच करत नाहीत. म्हणून तिसरी पायरी लागते, आणि सात वर्षांतला खरा पालट इथे आहे. जागल्या आता एकटा राहिलेला नाही.

समजा, तुमच्या फाइलबद्दल डिफेंडरची खात्री पटत नाही. तो फाइलची लक्षणं इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांकडे पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत फाइल रोखून धरतो. किती वेळ? ठरलेली मर्यादा दहा सेकंद. तेवढ्यात पलीकडे जगभरच्या कोट्यवधी नमुन्यांवर शिकलेली गणितं त्या फाइलला गुण देतात. ३ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एका कॉम्प्युटरवर इमोटेट नावाच्या व्हायरसचा नवाकोरा अवतार आला. हा अवतार त्याआधी कोणीच पाहिला नव्हता, तरी त्या पहिल्याच माणसाकडे तो अडवला गेला. पुढच्या अर्ध्या तासात हजाराहून जास्त कॉम्प्युटरवर त्याच मोहिमेचे हल्ले झाले. तेही अडले.

नेहमीच इतकं छान होत नाही. २४ ऑक्टोबर २०१७ ची सेंट पीटर्सबर्गमधली गोष्ट ऐका. सकाळचे ११ वाजून १७ मिनिटं. एका माणसानं फ्लॅश प्लेअरचं अपडेट समजून एक फाइल उतरवली. ती होती ‘बॅड रॅबिट’, फाइलींना कुलूप ठोकून खंडणी मागणारा व्हायरस, अगदी ताजा. डिफेंडरनं सर्व्हरला विचारलं. गणितानं सांगितलं, ही फाइल वाईट असण्याची शक्यता ८१ टक्क्यांच्या वर. पण अडवायची रेषा होती ९० टक्क्यांची. फाइल सुटली. तो माणूस बुडाला. मात्र सर्व्हरनं ती फाइल सोडून दिली नाही. तिची प्रत मागवली, बंदिस्त जागेत चालवून पाहिली, तिचे उद्योग नोंदले आणि गुण पुन्हा मोजले. या वेळी रेषा ओलांडली गेली. पहिल्या क्लिकपासून चौदा मिनिटांत निरोप सगळीकडे पोचला आणि त्यानंतरच्या लोकांकडे तीच फाइल दारातच अडली.

चौदा मिनिटं! एका घरात चोरी झाली आणि पाव तासाच्या आत पृथ्वीभरच्या जागल्यांना चोराचा चेहरा पाठ झाला. पुण्याच्या काटकरांनी उतारा लिहून फ्लॉपीवर द्यायचा आणि तो गावोगाव पोचायला आठवडे लागायचे, तो काळ फार जुना नाही. फुकट मिळणाऱ्या एका सोयीच्या मागे एवढं सगळं उभं आहे, हे कळलं की त्या कोपऱ्यातल्या बारीक ढालीकडे पाहायची नजरच बदलते.

आता हाच जागल्या घेऊन सातपुडा चढू या. धडगाव, मोलगी, तोरणमाळ. डोंगरातल्या कितीतरी पाड्यांवर मोबाइलला रेंज यायची तर टेकडीवर जावं लागतं. पावसाळ्यात वीज जाते, लाइन तुटते. आणि आपण आताच काय पाहिलं? या जागल्याची सगळ्यांत तीक्ष्ण नजर इंटरनेटच्या पलीकडे ठेवलेली आहे. लाइन गेली की त्याच्या हाती उरतात ते कॉम्प्युटरमध्ये आधीच उतरलेले ठसे आणि तो जॉनडो. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था अँटिव्हायरसांची पकड इंटरनेट असताना आणि नसताना अशी दोनदा मोजते. डिफेंडरच्या बाबतीत या दोन आकड्यांत वारंवार मोठी तफावत दिसली आहे. म्हणजे मुंबईच्या ऑफिसातला डिफेंडर आणि धडगावातला डिफेंडर नावानं एकच, पण लाइन नसेल त्या दिवशी त्यांची नजर सारखी नसते.

आणि जिथे लाइन कमी, तिथे काय जास्त चालतं? पेनड्राइव्ह! शाळेचे निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याचे स्कॅन, लग्नाच्या पत्रिकेचं डिझाइन, सगळं पेनड्राइव्हवर. एक पेनड्राइव्ह दिवसात चार मशीनला लागतो. इथे एक बारकावा आहे. तो बहुतेकांना माहीत नसतो, पण कळला की थक्क व्हायला होतं.

तुम्ही इंटरनेटवरून फाइल उतरवली की विंडोज तिला एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, ‘ही बाहेरून आली आहे’. तिला मार्क ऑफ द वेब म्हणतात. अनोळखी प्रोग्राम चालवताना ‘तुमच्या पीसीचं रक्षण केलं’ असा निळा फलक येतो, तो ही चिठ्ठी वाचूनच येतो. फाइल पहिल्यांदाच दिसतेय म्हणून तिला रोखून सर्व्हरला विचारायचं, हा वर सांगितलेला कडक तपासही मुख्यतः इंटरनेटवरून आलेल्या फाइलींसाठी असतो. पण ही चिठ्ठी राहते कशावर? हार्ड डिस्कच्या एनटीएफएस नावाच्या मांडणीत फाइलीच्या पाठीशी एक लपलेला कप्पा असतो, त्यात. बाजारात मिळणारे पेनड्राइव्ह मात्र बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट मांडणीचे असतात, आणि त्यांत तो कप्पाच नसतो! फाइल पेनड्राइव्हवर टाकली की चिठ्ठी गळून पडली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती फाइल पोचते ती घरचीच असल्यासारखी. कोणी काही लबाडी केली नाही, काही पुसलं नाही. नुसत्या एका कॉपी-पेस्टनं बाहेरची फाइल ‘आपली’ झाली.

म्हणूनच आपल्याकडे ‘शॉर्टकट व्हायरस’ इतका जुना होऊनही जात नाही. तो जवळून बघा. पेनड्राइव्ह उघडला. ‘शिष्यवृत्ती’ नावाचं फोल्डर दिसतंय, पण त्याच्या चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक बाण आहे. साइज बघितली तर एक-दोन केबी. फोल्डर कुठलं? तो शॉर्टकट आहे. तुमचं खरं फोल्डर तिथेच आहे, पूर्ण शाबूत. व्हायरसनं त्यावर फक्त ‘लपलेलं’ आणि ‘सिस्टिमचं’ असे दोन शिक्के मारले आहेत. तुम्ही शॉर्टकटवर डबल-क्लिक करता. तो आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालवतो आणि लगेच, न चुकता, तुमचं खरं फोल्डर उघडून देतो! सगळे अर्ज जागेवर. तुम्हाला शंकाही येत नाही. आणि आता त्या मशीनला लागणारा प्रत्येक पेनड्राइव्ह हाच आजार घेऊन बाहेर पडतो. एक काळ असा होता की पेनड्राइव्ह नुसता लावला तरी व्हायरस आपोआप चालायचा. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमधलीही ती सोय बंद केली, तर व्हायरसनं काय केलं? स्वतः चालायचं सोडलं आणि माणसाच्या बोटाकडून चालवून घ्यायला सुरुवात केली.

याचे जुने, ओळखीचे प्रकार डिफेंडर पकडतो, तेही चालवायला गेलात की. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर डिफेंडर तो अख्खा तपासत नाही. पूर्ण तपासणी लावली तरी मूळ सेटिंगमध्ये पेनड्राइव्ह वगळलेलाच असतो. त्यासाठी पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ म्हणावं लागतं. एवढंच. आणि फाइली ‘गायब’ झाल्या म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारू नका. त्या बहुधा तिथेच असतात. व्हायरसनं न पुसलेला डेटा आपल्याच हातानं कायमचा जातो, याहून वाईट काय?

जागल्याचं आणखी एक दुबळेपण आहे, आणि ते त्याच्यात नाही, मालकात आहे. फुकटात फोटोशॉप हवं, फुकटात ऑफिस चालू करायचं, म्हणून ‘ॲक्टिव्हेटर’ उतरवला जातो. सोबतच्या सूचनेत पहिली ओळ काय असते? ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ लोक बंद करतात. काही ॲक्टिव्हेटर त्याहून पुढे जातात. डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन’ यादीत ते एखादं फोल्डर गुपचूप घालून ठेवतात. त्या दिवसापासून जागल्या त्या खोलीकडे बघतच नाही, कारण बघू नकोस असा मालकाचाच हुकूम आहे. विंडोज सिक्युरिटीत जाऊन ती यादी एकदा उघडा. तुम्ही न टाकलेलं काही तिथे दिसलं तर ते काढा.

शिवाय काही गोष्टी त्याच्या आवाक्यातच नाहीत. विंडोजमध्येच भोक राहिलं असेल तर? १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चला, म्हणजे जवळपास दोन महिने आधीच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्याकडे ती वाट बंदच होती. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला. तो निघाला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्याच दिवशी न्हावा शेवाला जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनल बंद पडलं! युक्रेनमधला हिशेब आणि उरणजवळचे कंटेनर, मधे हजारो किलोमीटर. आणि फोनवर कोणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला तर? तिथे फाइलच नाही. जागल्या अडवणार कोणाला?

आणि जागल्या स्वतः चुकतो का? चुकतो. तो प्रत्येक फाइल उघडून बघतो, म्हणून त्याच्यातच भोक सापडलं तर नुसती फाइल पाठवणंही पुरतं. मे २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोतले टॅविस ऑर्मंडी आणि नताली सिल्व्हानोविच यांनी डिफेंडरच्या इंजिनात असंच एक भोक शोधलं. मेल नुसता येऊन पडला, तुम्ही उघडलाही नाही, तरी काम तमाम! मायक्रोसॉफ्टनं ते काही दिवसांतच बुजवलं. पुढे २०१८ मध्ये डिफेंडरला स्वतःलाच एका बंदिस्त खोलीत चालवायची सोय केली, की तो फुटला तरी घर वाचावं. उलट बाजूनंही चूक होते. सप्टेंबर २०२२ मध्ये एका सदोष अपडेटमुळे तो क्रोमसारख्या साध्या प्रोग्रामलाच व्हायरस म्हणू लागला. काही तासांत नवं अपडेट आलं आणि गोंधळ निवला.

मग विकतचा घ्यावा की हाच पुरे? घरच्या एका कॉम्प्युटरला, जो रोज इंटरनेटवर असतो आणि वेळेवर अपडेट होतो, त्याला हा फुकटचा खरोखर पुरतो. हे वाक्य २०१२ मध्ये लिहिता आलं नसतं, आज लिहिता येतं. विकतच्या अँटिव्हायरसमध्ये साधारणपणे जास्तीचं मिळतं ते म्हणजे पेनड्राइव्ह लावताच आपोआप तपासणी, कुठल्याही ब्राउझरमध्ये फसव्या वेबसाइटची सूचना आणि अडचणीत फोन करायला माणूस. ज्या केंद्रात दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह लागतात, जिथे लाइन येते-जाते, तिथे पैसे खर्चायला हे कारण पुरेसं आहे. विकतचा घातला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, आणि त्याची मुदत संपली की आपणहून परत पहाऱ्यावर येतो. दोन्ही एकदम चालवायची धडपड करू नका.

फुकटच ठेवायचा असेल तर त्याला जे कमी पडतं ते आपण पुरवायचं. डोंगरातल्या मशीनला लाइन नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून डिफेंडरचं ताजं अपडेट फाइल म्हणून उतरवता येतं. नंदुरबारच्या बाजाराला आलात की ते पेनड्राइव्हवर घ्या आणि धडगावच्या मशीनवर चालवा. इंटरनेटशिवायही ठसे ताजे! मशीन फारच बिघडल्यासारखं वाटलं तर ‘डिफेंडर ऑफलाइन’ स्कॅन लावा. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो आणि विंडोज जागं व्हायच्या आधीच झडती घेतो, म्हणजे व्हायरसला लपायला विंडोजच नसतं. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाचं एक बटण २०१७ पासून आत बसलंय, पण मुळात बंद असतं. ते चालू केलं की ओळखीच्या प्रोग्रामशिवाय कोणी तुमच्या डॉक्युमेंट फोल्डरमधल्या फाइली बदलू शकत नाही. एखादा साधा प्रोग्रामही त्यात अडतो, त्याला हातानं परवानगी द्यावी लागते, पण खंडणीखोर व्हायरसपुढे हीच भिंत उभी राहते. आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, काम झालं की डिस्क काढून ठेवलेली. न जोडलेल्या डिस्कला कुठलाच व्हायरस कुलूप लावू शकत नाही.

जुन्या मशीनचंही बघा. विंडोज ७ चं अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबलं, विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वरच्या डिफेंडरला ठसे मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं आहे. याचा अर्थ नीट समजून घ्या. पहारा चालू राहील, पण भिंतीला नवं भोक पडलं तर ते बुजवायला नेहमीच्या अपडेटमधून कोणी येणार नाही. वॉनाक्रायनं शिकवलेला धडा हाच होता.

एका ई-सेवा केंद्राच्या मशीनमध्ये किती माणसं असतात, याचा विचार करा. कोणाचा जातीचा दाखला, कोणाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, कोणाच्या मुलीचा कॉलेजचा प्रवेश. त्यांच्यापैकी बहुतेकांनी डिफेंडरचं नाव ऐकलेलं नाही आणि ऐकायची गरजही नाही. मोठ्या बँकेच्या विंडोजमध्ये आणि मोलगीच्या दुकानातल्या विंडोजमध्ये पहाऱ्याचं तेच इंजिन फुकट चालतं, तोच जॉनडो, तेच सर्व्हर, तेच गणित. इतकी समान वाटणी कॉम्प्युटरच्या दुनियेत दुसरी सापडणं कठीण. असमान आहे ती मधली तार. म्हणून सातपुड्यातल्या पाड्यापर्यंत पक्की लाइन पोचवणं हा नुसता व्हिडिओ बघण्याचा किंवा फॉर्म भरण्याचा प्रश्न नाही. ती पोचली की त्या दिवसापासून तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीशी शंभर कोटी मशीनचा अनुभव उभा राहतो. आणि ती पोचेपर्यंत उजवं बटण, ताजं अपडेट आणि बाजूला काढून ठेवलेली एक डिस्क, एवढं आपल्या हातात आहे. एवढं तरी आजच करा.